हरकत नसल्यास मंजूर

मतदान नसलेली सभा

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेला बातम्यांमध्ये 'कॉप' म्हणतात. गेल्या तीस वर्षांत या परिषदेत एकाही धोरणात्मक प्रश्नावर मतदान झालेलं नाही. दोन आठवडे चर्चा होते, शेवटच्या रात्री जागरण होतं आणि मग अध्यक्ष मसुदा सभागृहापुढे ठेवतात. एकवार समोर पाहतात, हरकत दिसत नाही असं म्हणतात आणि हातोडा आपटतात. झाला ठराव मंजूर.

१९९२ च्या मूळ करारात प्रत्येक देशाला एक मत दिलेलं आहे. ते कलम १८ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. मात्र ठराव व्हायला निम्मी मतं हवीत, दोन तृतीयांश हवीत की सगळी, हे ठरलेलंच नाही. पहिल्याच परिषदेने आपली नियमावली मंजूर करावी असं कलम ७ सांगतं. ही पहिली परिषद १९९५ मध्ये बर्लिनला भरली. अध्यक्षपदी जर्मनीच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री अँगेला मर्केल होत्या. नियमावलीची गाडी नियम क्रमांक ४२ वर अडली, कारण तो मतदानाचा नियम होता. सौदी अरेबिया, कुवेत वगैरे तेलउत्पादक देशांना बहुमताची धास्ती होती, कारण उद्या बाकीचे एकत्र आले तर आपल्या तेलावर गदा येईल. पैसे देणाऱ्या श्रीमंत देशांनाही खर्चाचे निर्णय बहुमताने व्हायला नको होते, कारण गरीब देश संख्येने जास्त. शेवटी तोडगा निघाला तो असा की नियम ४२ बाजूला ठेवायचा आणि बाकीची नियमावली तात्पुरती वापरायची.

ती आजही तात्पुरतीच वापरात आहे. दर परिषदेच्या विषयपत्रिकेवर 'नियमावलीची मंजुरी' हा विषय सुरुवातीलाच असतो आणि तो दर वेळी पुढे ढकलला जातो.

हवामान करारांवर टीका करणारे 'इच्छाशक्तीचा अभाव' असं म्हणून मोकळे होतात. मला ते अपुरं वाटतं. या करारांचं जे काही बरंवाईट झालं, त्यातलं पुष्कळसं या एका अर्धवट नियमातून उलगडतं. गृहनिर्माण संस्थेत लिफ्ट बसवायची तर तळमजल्यावरच्यांचा विरोध असला तरी बहुमताने ठराव करता येतो. इथे कुणाचाच विरोध मागे सारता येत नाही, आणि लिफ्टचा खर्च कुणी करायचा हा वाद तर तीस वर्षं चालू आहे.

ओझोनचं जमलं ते कसं

ओझोनच्या थराचा प्रश्न जगाने सोडवला, मग हा का सुटत नाही, असं हमखास विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे, कारण १९८७ चा माँट्रियल करार खरोखरच यशस्वी ठरला. फ्रिज, एसी आणि फवाऱ्यांच्या डब्यांमध्ये वापरली जाणारी रसायनं त्याने जवळपास हद्दपार केली.

पण त्या करारात मतदानाची सोय होती. आधी ठरलेल्या रसायनांच्या कपातीचं वेळापत्रक आणखी कडक करायचं आणि एकमत होत नाही, अशी वेळ आली तर दोन तृतीयांश मतांनी निर्णय घेता येतो. अट एवढीच की त्यात विकसित आणि विकसनशील या दोन्ही गटांचं स्वतंत्र बहुमत असावं. तो निर्णय मग सगळ्यांवर बंधनकारक होतो. करारात सामील नसलेल्या देशांशी या रसायनांचा व्यापार करायलाही बंदी होती, त्यामुळे बाहेर राहणं महागात पडे. शिवाय पैशाची सोय झाली. १९९० मध्ये लंडनला झालेल्या बैठकीत भारत आणि चीनने ताणून धरलं की पर्यायी तंत्रज्ञानाचा खर्च श्रीमंत देशांनी उचलल्याशिवाय आम्ही येणार नाही. तेव्हा आपल्या पर्यावरणमंत्री मनेका गांधी होत्या. निधी उभा राहिला आणि १९९२ मध्ये भारत करारात आला.

मुख्य फरक अर्थात विषयाच्या आवाक्याचा आहे. ती रसायनं बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि त्यांच्याकडे पर्यायही तयार होत होते. कर्बवायू मात्र विजेतून, पोलादातून, सिमेंटमधून, मालमोटारीतून, अगदी धानाच्या खाचरातून आणि गुरांच्या पोटातून निघणाऱ्या मिथेनच्या जोडीने येतो. त्याला हात लावणं म्हणजे अख्ख्या अर्थव्यवस्थेला हात लावणं.

रिओचा सौदा

जून १९९२ मध्ये रिओ दि जानेरोत वसुंधरा परिषद झाली, तिथे हवामानाच्या मूळ करारावर सह्या सुरू झाल्या. २१ मार्च १९९४ पासून तो अमलात आला. पुढे १९७ देश आणि युरोपीय संघ त्यात सामील झाले. इतकी हजेरी लावणारे करार जगात फार नाहीत.

रिओच्या आदल्या वर्षी दिल्लीत एक छोटी पुस्तिका निघाली होती. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांची. अमेरिकेतल्या एका संस्थेने भारत आणि चीनलाही मोठ्या प्रदूषकांच्या यादीत बसवलं होतं. त्या हिशेबाला या दोघांनी आव्हान दिलं. भातशेतीतला मिथेन आणि चैनीच्या मोटारीचा धूर एकाच तागडीत कसा घालता, असा त्यांचा सवाल होता. जगण्यासाठीचं उत्सर्जन वेगळं, चैनीचं वेगळं. माणशी हिशेब करा म्हणजे चित्र पालटेल, असं त्यांचं म्हणणं होतं. ते आजही बऱ्याच अंशी खरं आहे. भारतीय माणसामागे वर्षाला साधारण दोन टन कर्बवायू निघतो, तर अमेरिकन माणसामागे चौदाच्या आसपास.

वाटाघाटीत भारताची बाजू चंद्रशेखर दासगुप्ता यांच्यासारखे मुरलेले मुत्सद्दी सांभाळत होते. रिओच्या करारात जे तत्त्व आलं त्याचा मथितार्थ असा: जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. ज्यांनी आधी आणि जास्त धूर सोडला, ज्यांची ऐपत आहे, त्यांनी पुढाकार घ्यावा. करारासोबत एक यादी जोडली गेली आणि तिच्यात औद्योगिक देशांची नावं आली. यादीतल्यांवर बंधनं जास्त, बाहेरच्यांवर कमी. ही विभागणी तेव्हा सगळ्यांना चालली म्हणून तर करार झाला. पण ती १९९२ सालची होती आणि जग तिथेच थांबून राहणार नव्हतं. चीन आज जगातला सर्वांत मोठा उत्सर्जक आहे. त्या यादीत तो नाही.

दोन आठवडे कसे जातात

बाहेरून बघणाऱ्याला कॉप म्हणजे नेत्यांची भाषणं आणि निदर्शनं. खरं काम बिनखिडक्यांच्या खोल्यांमध्ये चालतं आणि ते अतिशय कंटाळवाणं असतं. मसुद्यात जिथे मतभेद, तिथे चौकटी कंस. एकेका वाक्यात तीन-तीन पर्याय कंसात टांगलेले असतात. कंस काढत जाणं हेच वाटाघाटीचं काम. मंत्री येण्याआधी सचिव दर्जाचे अधिकारी जमेल तितके कंस मिटवतात आणि उरलेले मंत्र्यांच्या गळ्यात पडतात. 'सगळं ठरल्याशिवाय काहीच ठरलेलं नाही' असा दंडक असल्यामुळे एका खोलीतला कंस दुसऱ्या खोलीतल्या सवलतीसाठी अडवून ठेवता येतो.

एवढ्या सगळ्या देशांनी एकेकट्याने बोलायचं ठरवलं तर दोन आठवडे पुरायचे नाहीत. म्हणून गट असतात. विकसनशील देशांचा मोठा गट 'जी-७७ आणि चीन'. नावात ७७ असले तरी सदस्य १३० हून अधिक. छोट्या बेटांचा गट वेगळा, अतिगरीब देशांचा वेगळा, आफ्रिकेचा वेगळा. भारत एकाच वेळी तीन ठिकाणी बसतो: जी-७७ मध्ये, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि चीनसोबतच्या चौकडीत आणि 'समविचारी विकसनशील देश' या काहीशा हट्टी गटात. जी-७७ मध्ये सौदी अरेबियाही आहे आणि समुद्रात बुडायची भीती असलेला मालदीवही. या दोघांचं एकमत कशावर होत असेल याची कल्पना करून पाहावी.

लहान देशांची आणखी एक अडचण क्वचितच सांगितली जाते. एकाच वेळी डझनभर खोल्यांमध्ये बैठका चालू असतात आणि एखाद्या बेटाचं शिष्टमंडळ मोजक्या माणसांचं असतं. मोठे देश शेकडो माणसं आणतात. त्यामुळे हरकत घेण्याचा हक्क सगळ्यांना असला तरी तो बजावायला त्या क्षणी त्या खोलीत माणूस हजर असावा लागतो. २०२३ मध्ये दुबईत अंतिम ठरावावर हातोडा पडला तेव्हा छोट्या बेटांचे प्रतिनिधी सभागृहात पोचलेच नव्हते. आमच्या गैरहजेरीत निर्णय झाला, असं सामोआच्या प्रतिनिधीने गटाच्या वतीने नंतर सांगितलं. सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. निर्णय होता तसाच राहिला.

क्योटो: आकडा आणि पळवाट

१९९७ मध्ये जपानच्या क्योटोत पहिल्यांदा सक्तीचे आकडे ठरले. औद्योगिक देशांनी मिळून २००८ ते २०१२ या काळात आपलं उत्सर्जन १९९० च्या तुलनेत सरासरी ५.२ टक्क्यांनी कमी करायचं होतं. चीन, भारत यांना आकडा नाही. नेमकं हेच अमेरिकी सिनेटला नको होतं. क्योटोच्या पाचेक महिने आधीच तिथे ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव झाला होता की विकसनशील देशांवर बंधन नसलेला करार आम्ही स्वीकारणार नाही. क्लिंटन सरकारने सही केली, पण करार सिनेटपुढे नेलाच नाही. २००१ मध्ये बुश सरकारने पाठ फिरवली.

अमेरिकेविना करार अमलात येण्यासाठी रशियाची गरज पडली. रशियाने २००४ च्या अखेरीस मान्यता दिली आणि १६ फेब्रुवारी २००५ ला क्योटो लागू झाला. सही ते अंमल, सात वर्षं. क्योटोत दंडाची तरतूदही होती: जितकं कमी पडाल त्याच्या १.३ पट पुढच्या टप्प्यात भरून काढा. कॅनडाचं उत्सर्जन घटायच्या ऐवजी वाढलं. दंडाची वेळ जवळ आली तेव्हा, डिसेंबर २०११ मध्ये, कॅनडाने करारातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. करारात बाहेर पडायचं कलम होतंच. सक्तीचा उपयोग करारात राहणाऱ्यावरच होतो.

क्योटोने विकसनशील देशांतल्या स्वच्छ प्रकल्पांना कर्ब-पत विकायची मुभा दिली होती. आपल्याकडे तिचा बराच बोलबाला झाला आणि महाराष्ट्रातल्या काही पवनऊर्जा प्रकल्पांनीही तिचा लाभ घेतला. पुढे पतींचे भाव कोसळले आणि उत्साह ओसरला. क्योटोच्या दुसऱ्या टप्प्याची तर कथाच न्यारी. २०१३ ते २०२० साठीची ती दुरुस्ती पुरेशा देशांच्या मान्यतेअभावी रखडली आणि अखेर ३१ डिसेंबर २०२० ला लागू झाली. टप्पा संपायचा दिवसही तोच.

कोपनहेगनची रात्र

डिसेंबर २००९ मध्ये डेन्मार्कच्या राजधानीत शंभराहून अधिक राष्ट्रप्रमुख जमले. अपेक्षा प्रचंड होत्या. शेवटच्या दिवशी चीन, भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेचे नेते एका खोलीत बोलत बसले होते, तिथे ओबामा येऊन दाखल झाले. मनमोहनसिंगही त्या खोलीत होते. तिथून एक अडीच-तीन पानांचा समझोता बाहेर आला. त्यात तापमानवाढ दोन अंशांच्या आत ठेवायची भाषा होती आणि २०२० पर्यंत दरसाल १०० अब्ज डॉलर उभे करायचं वचन होतं.

मग तो बाकीच्यांपुढे आला आणि रात्रभर वादळ उठलं. व्हेनेझुएला, बोलिव्हिया, निकाराग्वा, क्युबा, सुदान, तुवालू: कुणी मजकुराला विरोध केला, तर कुणाचा आक्षेप असा की तो आमच्या पाठीमागे शिजला. एकमत होईना. पहाटे एक शब्दप्रयोग सापडला. परिषदेने समझोता 'मंजूर' केला नाही, त्याची 'नोंद घेतली'. त्या आठवड्यात सगळ्यांनी याला अपयश म्हटलं. माझ्या मते तो निवाडा घाईचा होता. आज पॅरिस करार ज्या पायावर उभा आहे, म्हणजे प्रत्येक देशाने आपला आकडा स्वतः कळवायचा, तो पाया कोपनहेगनमध्येच घातला गेला.

हातोड्याची वेळ

एकमत म्हणजे सगळ्यांचा होकार की कुणाचाच ठाम नकार नसणं? आणि एकानेच नकार दिला तर? लिखित नियम नसल्यामुळे उत्तर दर वेळी अध्यक्षाच्या मनगटात असतं.

२०१० मध्ये मेक्सिकोतल्या कानकून इथे बोलिव्हिया एकटा उभा राहिला. अध्यक्ष पॅट्रिसिया एस्पिनोसा यांनी हरकत नोंदवून घेतली, एकमत म्हणजे एका देशाला मिळालेला नकाराधिकार नव्हे असं सांगितलं आणि हातोडा आपटला. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. २०१२ मध्ये दोहात कतारचे अध्यक्ष अब्दुल्ला अल-अतिया यांनी तेच आणखी झपाट्याने केलं. रशियाचा प्रतिनिधी हरकत घ्यायच्या बेतात असताना एकामागून एक ठराव मंजूर झाले. रशिया, बेलारूस आणि युक्रेनला सोविएत काळानंतरच्या मंदीमुळे शिल्लक पडलेला उत्सर्जनाचा कोटा वापरायचा होता, तो हातचा गेला.

पण बोलिव्हिया वेगळा आणि रशिया वेगळा. पुढच्या जूनमध्ये बॉनला तयारीची बैठक भरली तेव्हा रशियाने बाकी दोघांच्या साथीने हिशेब चुकता केला. निर्णय कसे घेतले जातात यावर चर्चा हवी, हा विषय विषयपत्रिकेवर घ्या, असं त्यांनी म्हटलं. बाकीचे तयार होईनात. विषयपत्रिकाच मंजूर न झाल्याने अंमलबजावणीच्या समितीचे पूर्ण दोन आठवडे वाया गेले. कुणाची हरकत डावलता येते आणि कुणाची नाही, हा धडा त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवला.

पॅरिस: ज्याचा त्याचा आकडा

२०१५ मध्ये फ्रेंच मंडळींनी तयारी वेगळ्या पद्धतीने केली. परराष्ट्रमंत्री लोराँ फाब्युस अध्यक्ष होते. त्यांनी नेत्यांना शेवटी नाही, पहिल्याच दिवशी बोलावलं, म्हणजे कोपनहेगनसारखी शेवटच्या रात्रीची झुंबड नको. वर्षभर आधी अमेरिका आणि चीनने एकत्र येऊन आपापले आकडे जाहीर केले होते, त्यामुळे सर्वांत मोठा अडसर दूर झाला होता. मार्शल बेटांचे टोनी डी ब्रूम यांनी श्रीमंत आणि गरीब देशांची एक अनौपचारिक आघाडी जमवली आणि दीड अंशाची भाषा करारात आणली.

भारताकडून वाटाघाटीची धुरा तेव्हाचे पर्यावरणमंत्री, पुण्याचे प्रकाश जावडेकर यांच्याकडे होती. माणशी न्याय, जीवनशैली आणि श्रीमंतांची ऐतिहासिक जबाबदारी हे मुद्दे भारताने लावून धरले. सौर ऊर्जेची आंतरराष्ट्रीय आघाडीही त्याच परिषदेत जाहीर झाली. तिचं मुख्यालय गुरुग्रामला आहे.

शेवटच्या दिवशी, १२ डिसेंबरला, अमेरिकी शिष्टमंडळाला अंतिम मसुद्यात एक गोष्ट दिसली. विकसित देशांनी कपात 'केलीच पाहिजे' अशा अर्थाचं क्रियापद तिथे होतं. आधीच्या मसुद्यांत ते 'करावी' असं होतं. सक्तीचं क्रियापद राहिलं तर करार सिनेटपुढे न्यावा लागेल, आणि ९५ विरुद्ध ० कुणी विसरलं नव्हतं. सभा तास-दीड तास खोळंबली. अखेर सचिवालयाच्या अधिकाऱ्याने टंकलेखनाच्या दुरुस्त्यांची यादी वाचली. स्वल्पविराम, क्रमांक आणि त्यातच हे क्रियापद. निकाराग्वाला बोलायचं होतं. फाब्युस यांनी छोटासा हिरवा हातोडा आपटला, आणि निकाराग्वाचं म्हणणं मग ऐकून घेतलं.

पॅरिसची रचना थोडक्यात अशी: तापमानवाढ दोन अंशांच्या बरीच खाली ठेवायची आणि दीड अंशासाठी प्रयत्न करायचा, हे सामाईक ध्येय. कपातीचा आकडा प्रत्येक देशाने स्वतः ठरवायचा आणि दर पाच वर्षांनी वाढवायचा. आकडा गाठणं बंधनकारक नाही. आकडा कळवणं आणि प्रगतीचा हिशेब देणं बंधनकारक आहे. भारताने २ ऑक्टोबर २०१६ ला मान्यता दिली आणि ४ नोव्हेंबरला करार लागू झाला. क्योटोला सात वर्षं लागली होती, इथे वर्षही लागलं नाही.

'मग याला दात कुठे आहेत' हा आक्षेप बरोबर आहे. पण दात असलेल्या क्योटोचं काय झालं ते वर आलंच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा हिशेब पाहिला तर पॅरिसच्या वेळी शतकाअखेर ३ ते ३.५ अंश वाढीचा अंदाज होता. २०२५ च्या अहवालात चालू धोरणांनुसार तो २.८ अंशांवर आहे आणि सगळ्यांनी दिलेला शब्द पाळला तर २.३ ते २.५. यातलं श्रेय कराराचं किती आणि स्वस्त झालेल्या सौर पॅनेलचं किती, हे सांगणं अवघड आहे. पुरेसं नाही, हे मात्र उघड आहे. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे वर्ष औद्योगिकीकरणापूर्वीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी उष्ण होतं.

आणि शिस्त? नवे आकडे देण्याची १० फेब्रुवारी २०२५ ही मुदत जेमतेम डझनभर देशांनी पाळली. भारताचाही आकडा नोव्हेंबरमध्ये ब्राझीलमधल्या बेलेमची परिषद संपेपर्यंत दाखल झाला नव्हता. अमेरिका तर २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली आणि २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी पुन्हा बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली.

ग्लासगोचा शेवटचा तास

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य जाहीर करून वाहवा मिळवली आणि शेवटच्या दिवशी ती गमावली. ठरावात कोळशाची वीज टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा उल्लेख होता. मंत्री भूपेंद्र यादव यांनी सभागृहात 'बंद'च्या जागी 'कमी' अशी दुरुस्ती सुचवली. स्वित्झर्लंड आणि मेक्सिकोने अशा ऐनवेळच्या बदलावर नाराजी बोलून दाखवली. बेटांचे प्रतिनिधी हताश झाले. पण कुणीच हरकत घेतली नाही, कारण हरकत घेतली तर सगळाच ठराव कोसळला असता. अध्यक्ष आलोक शर्मा यांचा आवाज भरून आला आणि त्यांनी माफी मागितली.

पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी भारताला खलनायक ठरवलं. त्यात निम्मंच सत्य होतं. 'कमी' हा शब्द तीनच दिवस आधीच्या अमेरिका-चीन संयुक्त निवेदनात कोळशाच्याच संदर्भात आला होता. शिवाय गरिबांच्या कोळशाचं नाव घ्यायचं आणि श्रीमंतांच्या तेल-वायूचं घ्यायचं नाही, हा दुजाभाव होताच. पुढच्या वर्षी इजिप्तमध्ये भारताने सगळ्याच जीवाश्म इंधनांचा उल्लेख करा असं सुचवलं. तेलवाल्यांनी ते होऊ दिलं नाही. दुबईत २०२३ मध्ये तेल कंपनीचेच प्रमुख सुलतान अल जाबेर अध्यक्ष असताना जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचा शब्द पहिल्यांदा ठरावात आला. तीस वर्षांच्या वाटाघाटींना या सगळ्या इंधनांपासून दूर जायचं असं लिहायला तोवर सवड झाली नव्हती. इकडे भारताची वीजनिर्मितीची निम्मी क्षमता २०२५ च्या मध्यात बिगर-जीवाश्म झाली, ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षं आधी. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत मात्र कोळशाचा वाटा अजून पाऊण हिस्स्याच्या आसपास आहे.

पैसा

कोपनहेगनचे ते १०० अब्ज डॉलर २०२० पर्यंत यायचे होते. श्रीमंत देशांच्याच संघटनेच्या मोजणीनुसार तो आकडा २०२२ मध्ये गाठला गेला, दोन वर्षं उशिरा, आणि सरकारी पैशातला मोठा भाग कर्जाच्या रूपात. कर्जाला मदत म्हणायचं का, हा वाद तेव्हापासून आहे.

२०२४ मध्ये अझरबैजानच्या बाकूत नवा आकडा ठरायचा होता. विकसनशील देशांनी दरसाल १.३ लाख कोटी डॉलर मागितले. ठरले ३०० अब्ज, तेही २०३५ पर्यंत आणि सरकारी, खासगी अशा सगळ्या वाटांनी मिळून. मागणीचा आकडा ठरावात 'उद्दिष्ट' म्हणून लिहिला गेला, जबाबदारी कुणाची ते न लिहिता. भारताने आधी बोलायची परवानगी मागितली होती. हातोडा आधी पडला. नंतर भारताच्या प्रतिनिधीने अतिशय कडक शब्दांत ठराव नाकारला, नायजेरिया आणि बोलिव्हियाने साथ दिली. इतिवृत्तात निवेदनं आहेत, ठराव मंजूर आहे. बोलिव्हियाला कानकूनमध्ये जो अनुभव आला तो इथे भारतालाही आला. फरक इतकाच की भारताने रशियासारखे एखाद्या समितीचे पूर्ण दोन आठवडे अडवून धरले नाहीत.

आपत्तीच्या नुकसानभरपाईचा निधी २०२२ मध्ये इजिप्तला मान्य झाला. त्या वर्षी पाकिस्तानात महापूर आला होता आणि जी-७७ चं नेतृत्वही पाकिस्तानकडे होतं. दुबईत त्यात साधारण ७० कोटी डॉलरचे शब्द जमा झाले. एका मोठ्या पुरालाही ते पुरणार नाहीत.

बाजूच्या वाटा

मतदानाचा प्रश्न सोडवायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. २०११ मध्ये पापुआ न्यू गिनी आणि मेक्सिकोने सुचवलं की एकमताचे सारे प्रयत्न थकले तर शेवटचा उपाय म्हणून तीन चतुर्थांश मतांनी निर्णय घ्यावा. या सूचनेवर एकमत झालं नाही.

म्हणून काही देश परिषदेच्या बाहेर पडून वाट शोधतात. दक्षिण प्रशांत विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये वर्गात मांडलेली कल्पना वानुआतूने उचलली, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतून प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे गेला आणि २३ जुलै २०२५ ला न्यायाधीशांनी एकमताने सल्ला दिला: हवामानाचं रक्षण हे राज्यांचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते केवळ या करारांपुरतं मर्यादित नाही. सल्ला बंधनकारक नसतो. पण करार सोडला म्हणून कर्तव्य सुटत नाही, असा त्याचा रोख आहे. देशोदेशीच्या न्यायालयांत वकील आता तो पुढे करतील. बेलेममध्ये जीवाश्म इंधनं सोडण्याचा आराखडा ठरावात आला नाही, तेव्हा कोलंबिया आणि नेदरलँड्सने त्या विषयावर कोलंबियातल्या सांता मार्ता इथे वेगळी परिषद जाहीर केली. ज्यांना यायचं त्यांनी यावं.

पुढची सभा कुठे

यजमान ठरवायलाही एकमत लागतं. खंडनिहाय गटांकडे पाळीपाळीने यजमानपद येतं आणि गटातल्या एका देशानेही हट्ट धरला तर अडतं. २०२४ ची परिषद पूर्व युरोपच्या वाट्याला होती. युक्रेन युद्धामुळे रशियाने युरोपीय संघातल्या एकाही देशाला मान्यता दिली नाही. उरले आर्मेनिया आणि अझरबैजान, एकमेकांचे वैरी. दोघांनी युद्धकैद्यांच्या अदलाबदलीचा समझोता केला, त्यात आर्मेनियाने आपली दावेदारी मागे घेतली, आणि तेल-वायूवर जगणाऱ्या अझरबैजानच्या राजधानीत हवामान परिषद भरली.

२०२६ साठी ऑस्ट्रेलिया आणि तुर्कस्तान दोघेही हटून बसले. ऑस्ट्रेलियाला प्रशांत बेटांसोबत ॲडलेडमध्ये परिषद हवी होती. कुणीच माघार घेतली नसती तर ती आपोआप बॉनला, सचिवालयाच्या गावी गेली असती. बेलेममध्ये शेवटच्या दिवसांत तडजोड झाली: परिषद तुर्कस्तानात अंताल्याला भरेल, वाटाघाटींचं अध्यक्षपद ऑस्ट्रेलियाचे मंत्री ख्रिस बोवेन सांभाळतील आणि तयारीची एक बैठक प्रशांत महासागरातल्या एखाद्या बेटावर होईल. मांडव एकाचा आणि हातोडा दुसऱ्याचा, अशी ही व्यवस्था.